पाच फुकट फ्लॉप्या आणि त्रेपन्न गावं

कुणाच्या घरी नवा कॉम्प्युटर आला की लोक पेढे मागतात. मी विचारते, "यात काय काय टाकलंय?" समोरच्यानं नको म्हटलं तरी मी कागद ओढते आणि यादी करून देते. हे टाका, तेही टाका, याला पैसा पडत नाही, आणि दुकानदारानं माथी मारलेलं आधी काढून टाका. माझी मुलं म्हणतात, आई, तुला कुणी विचारलं का? नाही विचारलं. पण ही खोड आजची नाही. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर व्हायला अजून वर्षा-सव्वा वर्षाचा अवकाश होता, तेव्हापासूनची आहे, आणि मला तिचा अभिमान आहे.

पाथरी आणि मानवतच्या मधल्या एका मोठ्या गावात निजामाच्या वेळची शाळा होती. तिथं मी तात्पुरती लागले होते. गणितात बीएस्सी, वर औरंगाबादला वर्षभराचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा, त्यामुळे पोरं मला 'कॉम्प्युटरच्या बाई' म्हणायची. शाळेत कॉम्प्युटर एकच. तो विज्ञानाच्या जुन्या कोठीत ठेवलेला. खिडक्यांना जाड पडदे, दाराबाहेर चपला काढायच्या, आणि शिवणाच्या बाईंनी त्याला मखमली झूल शिवलेली, कडेला सोनेरी गोंडे लावून. घोड्याला लाजवील असा थाट होता. फक्त त्या घोड्यावर बसायचं कसं, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

कॉम्प्युटर बसवायला शहरातल्या दुकानाचा माणूस आला होता. त्यानं दहा-बारा फ्लॉप्या टेबलावर आपटल्या आणि म्हणाला, हे सगळे महागाचे प्रोग्रॅम आहेत, तुमच्यासाठी असंच टाकून देतो. ते सगळे चोरून उतरवलेले होते. मी मुख्याध्यापकांना सांगितलं, सर, हे शाळेच्या मशीनवर नको. मुख्याध्यापक भले माणूस, पण भिडस्त. ते म्हणाले, अहो, सगळेच करतात. मी म्हटलं, सगळे करतात ते करायचं तर पोरांना आपण कॉपी करू नका म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं? त्यांनी त्या फ्लॉप्या बाजूला सारल्या. मी तात्पुरती होते, पण जीभ कायमची होती.

माझ्याकडे माझ्या पाच फ्लॉप्या होत्या. डिप्लोम्याच्या सरांनी जाताना दिलेल्या. त्यातल्या प्रत्येक प्रोग्रॅमसोबत लिहिणाऱ्याची चिठ्ठी असायची, इंग्रजीत: हा मी लिहिला आहे, वापरा, दुसऱ्याला द्या, फक्त माझं नाव काढू नका. कुठल्या तरी लांबच्या देशातल्या माणसानं रात्रंदिवस खपून केलेली वस्तू तो हात जोडून देत होता. मी ती चिठ्ठी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला खोटं वाटलं होतं.

तर माझी पहिली यादी अशी होती. वहीच्या पानावर लिहून कोठीच्या भिंतीला चिकटवलेली. एक, मजकूर लिहायचा प्रोग्रॅम. साधा, पण लवकर उघडणारा. दोन, टायपिंग शिकवणारा, जो चुकलं की टुंईऽ करून ओरडायचा आणि पोरं मुद्दाम चुकायची. तीन, मोठी फाईल दाबून लहान करणारा, कारण आमच्या हार्डडिस्कवर जागा म्हणजे एसटीतल्या शेवटच्या बाकासारखी, बसा पण मागे सरका. चार, व्हायरस शोधणारा. याची किंमत पहिल्याच आठवड्यात कळली. दुकानाच्या माणसानं दिलेली खेळाची फ्लॉपी तपासली तर तिच्यात व्हायरस निघाला, आणि मी ती सगळ्यांसमोर कात्रीनं कापली. पाचवा, पुसलेली फाईल परत आणणारा. त्याच्यापुढे मी लिहिलं होतं: 'याची गरज पडू नये, पण हा असावाच.'

या यादीला हसणारे पहिले गृहस्थ म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांना सगळे मोठे बाबू म्हणत. पांढरं धोतर, काळी टोपी, कानात अत्तराचा फाया. लहानपणी चौथीपर्यंत उर्दूत शिकलेले, त्यामुळे बोलताना मराठवाड्याची मराठी आणि हैदराबादची उर्दू एकाच ताटात जेवायच्या. त्यांनी यादी चष्मा वर-खाली करून वाचली.

"बाई, हे समदं फुकट हाय म्हंता?"

"हो बाबू."

"मग भरोसा कसा ठेवायचा? फुकटच्या मालाला जिम्मेदार कोण?"

मला राग आला. राग त्यांच्यावर नव्हता, त्या शब्दावर होता. मी परभणीच्या सरकारी वसतिगृहात राहून, शिष्यवृत्तीवर शिकले. आमच्या गावात पाण्याला गेलं तरी कुणीतरी म्हणायचंच, "तुमचं बरं हाय बाई, फुकट शिकायलाव." जसं काही गणितं मला कुणी फुकट सोडवून देत होतं. फुकट म्हणजे हलकं, फुकट म्हणजे मागून आणलेलं, हे ऐकत मी मोठी झाले. मी बाबूंना म्हटलं, "बाबू, मीही फुकटच शिकले. माझा भरोसा ठेवता ना?" ते ओशाळले. टोपी काढून परत घातली आणि म्हणाले, "तुमची गोष्ट न्यारी हाय." न्यारी कशी, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही.

पण मोठ्या बाबूंना कॉम्प्युटरची गरज होती, आणि ती फार खरी होती. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर त्यांच्या ताब्यात होतं. शाळेत कोण कधी दाखल झालं, बापाचं नाव, गाव, जात, जन्मतारीख, कधी नाव काढलं, हे सगळं त्यात. निजामाच्या वेळची पानं उर्दूत, तीही घाईच्या, मोडलेल्या अक्षरात. आसपासच्या खेड्यांतली म्हातारी माणसं त्याच्यासाठीच शाळेत यायची. कुणाला पेन्शन, कुणाला नातीच्या जातीच्या दाखल्यासाठी आजोबाची नोंद. दुसरा कुठला पुरावा नसायचा. आणि त्या रजिस्टरची पानं पापडासारखी झाली होती. उलटलं की कड हातात यायची.

ते अक्षर वाचू शकणारा माणूस शाळेत एकच उरला होता, आणि तो ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार होता.

म्हणून जून महिन्यात त्यांनीच माझ्याकडे येऊन विचारलं, "बाई, तुमच्या त्या फुकटच्यात हे मावंल का?" मी म्हटलं, मावेल. मग रोज दुपारच्या सुट्टीनंतर ते कोठीत यायचे, चपला काढायचे, झूल घडी करून ठेवायचे, रजिस्टर उघडायचे आणि एका बोटानं टाईप करायचे. मराठी अक्षरं त्या मशीनवर नव्हती, म्हणून नावं इंग्रजी अक्षरांत. त्यांनी गाववार फायली केल्या, एका गावाची एक. फाईलच्या नावाला आठच अक्षरं चालायची. गंगाखेड टाईप केलं आणि शेवटचं अक्षर मशीननं गिळलं, तेव्हा ते भडकले. "गंगाखेडचा ड कुठं गेला? तालुक्याचं गाव हाय ते!" मी समजावलं, आत पूर्ण नाव लिहा, बाहेर चालतं. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

चार महिन्यांत त्रेपन्न गावं झाली. अकराशेच्या वर माणसं. मी सारखी सांगत होते, याची दुसऱ्या फ्लॉपीवर नक्कल ठेवू. पण कोऱ्या फ्लॉप्या मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात, आणि एक काढायची तर मागणीपत्र, मग सही, मग शाळा चालवणाऱ्या संस्थेचा शेरा. मागणीपत्र मोठ्या बाबूंनीच लिहिलं होतं आणि ते मोठ्या बाबूंच्याच टेबलावर शेऱ्याची वाट बघत पडलं होतं. कायदा म्हणजे कायदा.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा विळा, कुळवाची पास, सुताराची करवत, शाळेत घंटा, टाईपरायटर, सायक्लोस्टाईलचं मशीन. पूजेआधी सगळं घासूनपुसून साफ करायचं, पूजा झाली की दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही, त्यांना विश्रांती. त्या वर्षी पुजायला कॉम्प्युटरही होता. आदल्या दिवशी मी दुपारच्या एसटीनं गावी निघाले, तेव्हा मोठे बाबू टाईपरायटरची अक्षरं ब्रशनं घासत बसले होते. मी हसून विचारलं, आता कॉम्प्युटरही घासणार का? ते म्हणाले, "मंग? त्यो काय परका हाय?" मी हसत गेले.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत आले. कोठीत झेंडूची माळ, मशीनच्या पडद्यावर कुंकवाचं बोट, आपट्याचं पान. आणि खुर्चीवर मोठे बाबू. शाळा भरायला तास होता. रजिस्टर पहिल्या पानावर उघडं होतं, आणि ते एका बोटानं टाईप करत होते.

"बाबू, पहिल्या पानापासून का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "साफ करताना समदं गेलं बाई. म्या पुन्ना सुरू केलंय. हुईल. दिस लय न्हाईत, पर हुईल."

झालं असं होतं. पूजेआधी मशीन आतूनही स्वच्छ असावं, असं त्यांना वाटलं. दुकानाच्या माणसानं 'फ्लॉपी साफ करायची तर हे मारा' म्हणून एक हुकूम कागदावर लिहून दिला होता. त्यांनी तो गावांच्या फायली होत्या तिथंच मारला. मशीननं विचारलं, नक्की का? त्यांनी नक्की म्हणून सांगितलं. साफसफाईला नाही कोण म्हणेल? आणि त्यांचा हिशेब चुकीचा कसा म्हणू मी? टाईपरायटर घासला म्हणून आधी टाईप केलेला कागद कोरा होत नाही. चाळीस वर्षांत झाला नव्हता. पूजा करून त्यांनी झूल घातली. आज सकाळी लवकर येऊन मशीन उघडलं, तेव्हा एकही गाव नव्हतं.

मी विचारलं, "आज टाईप केलेलं सेव्ह केलं का?"

"अजून न्हाई. पान पुरं हू द्या म्हणलं."

मी सरळ भिंतीकडे गेले. भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला.

"अवो बाई! अर्दं पान लिवलं व्हतं!" ते खुर्चीतून उठले. चार महिने ज्या माणसानं माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो ओरडला. "कामून बंद केलंत? माझ्याकडं दिस किती राहिलेत, ठावं न्हाई का तुमाला?" आणि मग ते खाली बसले आणि टोपी डोळ्यांवर धरली. त्यांचे खांदे हलत होते. मी दाराकडे तोंड करून उभी राहिले. थोरल्या माणसाचं रडणं बघू नये.

थोड्या वेळानं मी त्यांना समजावून सांगितलं. आपण हजेरीपटावर पोराचं नाव खोडलं, तरी पोरगं वर्गातच बसलेलं असतं. त्याच्या जागेवर दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत ते कुठं जात नाही. मशीननं फक्त नावं खोडलीत. तुम्ही नवीन काही सेव्ह केलं असतं, तर ते जुन्याच्या जागेवर जाऊन बसलं असतं. म्हणून बंद केलं. पूजा झाल्यापासून दोन दिवस कुणी हात लावला का?

"खंडेनवमी व्हती," ते म्हणाले, जणू मी भलतंच विचारत होते. "हात कसा लावंल कुणी?"

मी मनातल्या मनात त्या रिवाजाचे पाय धरले. एरवी त्या कोठीत दिवसभर पोरांची टायपिंगची टुंईटुंई चालायची. दोन दिवस कुणी फिरकलंच नव्हतं.

पाचवी फ्लॉपी काढली. प्रोग्रॅम तिच्यावरूनच चालवायचा होता. हार्डडिस्कवर उतरवला असता तर त्यानंच कुणाची तरी जागा घेतली असती. यादीत मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, पण खऱ्या कामाला तो प्रोग्रॅम मी एकदाही वापरला नव्हता. नाही चालला तर? फुकटच्या मालाला जिम्मेदार कोण, हे त्या माणसानं मला विचारलं होतं, आणि आता उत्तर मीच होते.

पडद्यावर नावं आली. त्रेपन्न. मी मोजली. पण प्रत्येकाचं पहिलं अक्षर नव्हतं, तिथं प्रश्नचिन्ह. पुसताना मशीन तेवढंच अक्षर खातं. परत आणायचं तर ते एक अक्षर आपण सांगायचं.

मी म्हटलं, "बाबू, काहीही अक्षर दिलं तरी फाईल येते. मी सगळ्यांना एकच देते, लवकर होईल."

मोठ्या बाबूंनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "न्हाई. गावाचं नाव चुकीचं कसं लावायचं? थांबा." आणि ते माझ्या शेजारी उभे राहून सांगू लागले. 'प्रश्नचिन्ह-ANWAT' म्हणजे मानवत, एम लावा. हे पाथरी. हे सोनपेठ. काही गावांची नावं एका अक्षराखेरीज सारखीच होती. तिथं ते डोळे मिटायचे, फाईल कितवी टाईप केली ते आठवायचे आणि अक्षर सांगायचे. त्यांनी कागदाकडे एकदाही बघितलं नाही. मी अक्षर दाबायचे, डिस्क कुरकुरायची, आणि एकेक गाव परत यायचं. गंगाखेड आलं, ड नसलेलं. ते तरीही म्हणाले, "आलं का? आलं."

एक्कावन्न गावं धडधाकट परत आली. दोन अर्धवट. घंटा झाली, पोरं वर्गात गेली, मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले आणि काय चाललंय ते न कळून परत गेले. मी एक फाईल उघडून दाखवली. बाबूंनी पडद्याला नाक लावून पहिली ओळ वाचली, मग दुसरी. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांनी मला तोवर कधी शिवलं नव्हतं. त्यांनीच नव्हे, त्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीही नाही. पाण्याचा पेलासुद्धा माझ्यापुढे टेबलावर ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत. मला त्या हाताचं ओझं जाणवलं, आणि आनंदही झाला, आणि आनंद झाल्याचा थोडा रागही आला.

त्या दिवशी मुख्याध्यापकांच्या कपाटाचं कुलूप मागणीपत्राशिवाय उघडलं. तीन नकला केल्या. अर्धवट दोन गावं बाबूंनी पुढच्या आठवड्यात रजिस्टरावरून पुन्हा वाचून पुरी केली. गोष्ट पसरली. मानवतच्या शाळेतून माणूस आला, गंगाखेडहून दोघं आले, माझी यादी उतरवून घेऊन गेले. मी प्रत्येकाला फ्लॉपीसोबत ती लेखकाची चिठ्ठीही द्यायचे आणि बजावायचे, नाव काढू नका. तेव्हा मला चालताना जमीन जरा खालीच वाटायची. तात्पुरती बाई, पण जिल्हाभर माझी यादी चिकटलेली!

महिनाअखेरीस मोठ्या बाबूंचा चार्ज द्यायचा दिवस आला. जुन्या कचेरीतला रिवाज: जाणाऱ्यानं आपल्या ताब्यातल्या एकूण एक वस्तूची यादी करायची, खाली डावीकडे 'देणार' म्हणून सही, उजवीकडे 'घेणार' म्हणून. त्यांनी दोन याद्या केल्या होत्या. पहिली चाव्या-शिक्क्यांची, ती नव्या क्लार्कनं घेतली. दुसरीत तीनच ओळी होत्या. दाखल-खारीज रजिस्टर, उर्दू, एक. कॉम्प्युटरवरील गावं, त्रेपन्न. फुकट प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या, पाच.

तो कागद त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मुख्याध्यापक गडबडले. "बाबू, तात्पुरत्या माणसाला चार्ज देता येत नाही. आणि या फ्लॉप्या तर बाईंच्याच, बिल नाही, नोंद नाही. ती ओळ खोडा."

मोठे बाबू उभे होते, ते बसले नाहीत. "साहेब, मंग कुणाला देऊ? म्या चाललो. वाचून ठिवलेलं काढून देनारं या शाळेत दुसरं कोण हाय, नाव सांगा. त्याला देतो." मुख्याध्यापक कागद चाळू लागले, तसे बाबू पुढे म्हणाले, "ओळ खोडायची न्हाई. त्या फ्लॉपीबिगर वरच्या दोन्ही ओळी खोट्या हाईत."

मुख्याध्यापकांनी पंख्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली. बाबूंनी खिशातलं स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्या हातात दिलं. टेबलावर ठेवलं नाही. मी 'घेणार'च्या खाली पूर्ण नाव लिहिलं, वडिलांचं, आडनावासकट, एकही अक्षर न गाळता.

संध्याकाळच्या एसटीनं मी कार्बनची प्रत घेऊन घरी आले. वडील अंगणात बसले होते. जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि त्या शाळेच्या कुठल्याच पानावर त्यांचं नाव नव्हतं. मी त्यांना कागद वाचून दाखवला. त्यांनी विचारलं, "देनार कोन?" मी सांगितलं. "आन् घेनार?"

मी माझं नाव वाचलं. त्यात मध्ये त्यांचंही होतं. ते म्हणाले, "पुन्ना वाच," आणि मी पुन्हा वाचलं.